बक्षीस आणि जबाबदारी

नेसरीच्या खिंडीचें नांव निघालें कीं प्रत्येक मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें सात स्वार उभे राहतात. शौर्याचें तें स्मरण उचितच होय. परंतु अपयशाची किंमत कोणीं व कशी द्यावी, हा राज्यव्यवहारांतील जुना प्रश्नहि त्याच खिंडींत उभा राहिला होता, याचा विचार आमच्याकडे फारसा होत नाहीं.

१६७३ सालीं उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजर यांनीं विजापूरचा सरदार बहलोलखान याचें पाणी तोडून त्यास जेरीस आणिलें, आणि मग अभय देऊन सोडून दिलें. खान लवकरच उलटला. त्याचा निकाल लाविल्यावांचून तोंड दाखवूं नये, अशा आशयाचा शिवछत्रपतींचा निरोप प्रतापरावांच्या जिव्हारीं लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं अवघ्या सहा स्वारांनिशीं ते खानाच्या फौजेवर तुटून पडले व सातही जण कामास आले. पुढें प्रतापरावांच्या कन्येचा राजारामाशीं विवाह झाला. घराण्याचा मान राहिला. पण राज्याच्या हिशेबानें पाहतां सेनापति गेला, आणि खान मात्र जिवंत राहिला.

याच्या अगदीं उलट चित्र २००९ सालीं अमेरिकेंत दिसलें. एआयजी नांवाच्या बलाढ्य विमा कंपनीच्या एका शाखेनें दुसऱ्यांच्या कर्जाची हमी बेसुमार घेतली व ती अंगाशीं आली. सप्टेंबर २००८ मध्यें सरकारनें प्रथम ८५ अब्ज डॉलरची सोय करून कंपनी वांचविली. पुढें हा आंकडा दुपटीहून अधिक वाढला. मार्चमध्यें त्याच शाखेच्या नोकरांना सुमारें साडेसोळा कोटि डॉलरचे बोनस वांटले गेल्याचें कळतांच लोक खवळले. करार आधींच झाले आहेत, ते मोडतां येत नाहींत, असें उत्तर मिळालें. ग्रासली नामक सेनेटरानें तर या मंडळींनीं जपानी रिवाजाप्रमाणें राजीनामा द्यावा किंवा आत्महत्या करावी, असे उद्गार काढले. मागाहून तें शब्दशः घेऊं नये, अशी सारवासारव केली. प्रतिनिधिगृहानें ३२८ विरुद्ध ९३ मतांनीं अशा बोनसांवर ९० टक्के कर बसविला. परंतु सेनेटांत तें विधेयक मंजूर झालें नाहीं.

आमच्या मुंबईनेंहि याच जातीचें संकट पाहिलें आहे. बँक ऑफ बॉम्बेंत सरकार स्वतः भागीदार होतें. १८६३ च्या कायद्यानें तिला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. अमेरिकन यादवीमुळें कापसाला चढलेल्या भावानें सारें शहर सट्ट्यांत बुडालें होतें. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले, आणि १८६८ सालीं बँक मोडली. जॅक्सन मंडळानें चौकशी करून कायद्याचा सैलपणा, चिटणिसांची बेइमानी व संचालकांची हयगय हीं कारणें दाखविलीं. निदान अचूक होतें. पण तें रोगी गेल्यावर झालें.

लोकांचा राग केवळ रकमेवर नसतो. नफा झाला तर तो आमचा आणि तोटा झाला तर तो रयतेचा, हा न्याय त्यांना खुपतो, आणि तो खुपावा हेंच योग्य आहे. परंतु रागाला शिरें हवीं असतात. खजिन्याला हिशेब हवा असतो. मृत्यूनें वीराची कीर्ति वाढते, पण त्यानें खजिन्यांत एक होनहि परत येत नाहीं.

या बाबतींत शिवकालाचा खरा धडा खिंडींत नसून सभासदानें वर्णिलेल्या लष्करी शिस्तींत आहे. स्वारीस निघतांना प्रत्येकाच्या मालमत्तेची नोंद होई. परत आल्यावर झाडा घेतला जाई. जास्त निघेल तें सरकारजमा होई किंवा पगारांत वळतें केलें जाई. बक्षीसहि मिळे, पण कामगिरी तपासून मग. नियम स्वारीपूर्वीं ठरलेला असे, म्हणूनच तो सर्वांवर चाले. लोकांच्या पैशानें तगलेल्या पेढ्यांस अशी झाडाझडती करारांतच लिहून ठेवावयास कोण अडवितो?