आठवी खेळी

मीरा रोडच्या घरात, दिवेलागणीला, तू फोनवर बुद्धिबळ खेळतोयस. तुझं बोट पटावरून उचलेपर्यंत उत्तर आलेलं असतं. सहा खेळ्या झाल्या, फोन एकदाही अडला नाही. तो विचार करत नाहीये, पाठ केलेलं म्हणतोय. स्थिती ओळखायची, आपल्या ‘ओपनिंग बुक’मध्ये शोधायची, सापडली की तिथली खेळी करायची. तिथे तीन खेळ्या असल्या आणि त्यांना ६, ३, १ असं वजन दिलेलं असलं, तर पहिली दहातून साधारण सहा वेळा निघते. म्हणून कालचा डाव आज तसाच होत नाही.

आता मागे चल. १२ मे १९९७, मध्यरात्र उलटलीय. मीरा-भाईंदरची महानगरपालिका व्हायला अजून पाच वर्षं आहेत. भाईंदरच्या मिठागरांवरून खारा वारा येतोय. न्यूयॉर्कला मात्र ११ मेची दुपार आहे, आणि तू बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोवच्या खुर्चीमागे उभा आहेस. समोर आयबीएमचं बुद्धिबळ खेळणारं यंत्र डीप ब्लू, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं. गुण अडीच-अडीच. शेवटचा, सहावा डाव.

काळ्या सोंगट्यांनी कास्पारोव ‘कारो-कान’ बचाव खेळतो. सातव्या खेळीला हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवून तो पांढऱ्या घोड्याला हुसकावतो. घोडा मागे फिरत नाही. तो ई-६ वरचं प्यादं मारतो आणि तिथेच मरायला उभा राहतो.

तुला वाटेल, हा त्या २० कोटींचा हिशेब. नाही! घोड्याचं हे बलिदान बुकातलं आहे. जोएल बेंजामिन या ग्रँडमास्टरने निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि मिगेल इयेस्कास यांच्या मदतीने सुमारे ४,००० स्थितींचं ते बुक हाताने रचलंय. ते संपलं की ग्रँडमास्टरांच्या ७ लाख डावांचा आधार: खेळी किती वेळा झाली, कोणी केली, अलीकडे केली का, निकाल काय लागला. त्यावरून खेळीच्या पारड्यात कमी-जास्त गुण पडतात आणि मग यंत्राची आकडेमोड चालते. त्या दुपारची सगळ्यांत गाजलेली खेळी माणसांच्या अभ्यासातून आली, आणि त्या चौघांची नावं डीप ब्लूइतकीच लक्षात राहायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

एकोणिसाव्या खेळीनंतर कास्पारोव डाव सोडून उठतो.

मीरा रोडला परत ये. तू मुद्दाम एक आडवळणाची खेळी करतोस. फोन पहिल्यांदाच थांबतो. दोन सेकंद. तीन.