ई-मेल व संपर्कसूचीचा बॅकअप

घरच्या संगणकात साठलेले मेल, त्यांच्या अटॅचमेंट आणि संपर्कांची यादी यांची दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवलेली प्रत. फोटो व दस्तऐवज यांची प्रत काढली जाते; मेल मात्र राहून जातात, कारण त्यांच्या फायली सहसा रोजच्या वापरातल्या फोल्डरमध्ये नसतात.

विंडोज एक्सपीसोबत (२००१) येणारा आउटलुक एक्स्प्रेस हा मेल-प्रोग्रॅम याचे ठळक उदाहरण. त्यात प्रत्येक मेल-फोल्डरची एक .डीबीएक्स फाइल असे आणि ती एरवी न दिसणाऱ्या ‘लोकल सेटिंग्ज’ फोल्डरच्या पोटात बरीच खोल दडलेली असे. पत्ते तिच्यात नसतच; ते निराळ्या जागी, .डब्ल्यूएबी फाइलमध्ये. त्यामुळे डीबीएक्स फायली जपूनही विंडोज नव्याने टाकल्यावर पत्त्यांची वही कोरी निघे.

मोझिलाच्या थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये (आवृत्ती १.०, २००४) मेल, संपर्क व सेटिंग्ज एकाच ‘प्रोफाइल’ फोल्डरमध्ये राहतात. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून हा फोल्डर कॉपी करावा. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. त्यातली ‘इनबॉक्स’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल म्हणजेच प्रत्यक्ष मेल. शेजारची .एमएसएफ फाइल ही नुसती अनुक्रमणिका. ती हरवली तरी पुन्हा तयार होते. इनबॉक्सचे हे एमबॉक्स स्वरूप साध्या मजकुराचे असल्याने इतर प्रोग्रॅमनाही वाचता येते. म्हणून वर्षानुवर्षे जपायला ते सोयीचे. मात्र साठवलेले पासवर्डही प्रोफाइलसोबत जातात, म्हणून प्रत एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच ठेवावी.

आयमॅप ही मेल आणण्याची पद्धत वापरली की मेल सर्व्हरवर असतातच, मग बॅकअप कशाला, हा समज घातक आहे. आयमॅप सगळीकडची स्थिती सारखी ठेवते: फोनवर पुसलेला मेल संगणकावरूनही जातो. पॉप या दुसऱ्या पद्धतीत उतरवून घेतलेले मेल, प्रत सर्व्हरवर ठेवण्याचे सेटिंग नसेल तर, सर्व्हरवरून काढले जातात. तेव्हा घरची डिस्क हीच एकमेव जागा उरते.

संपर्क .व्हीसीएफ किंवा .सीएसव्ही फाइलमध्ये एक्स्पोर्ट करता येतात. नावे देवनागरीत असल्यास सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करावी. जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे बसतात आणि त्या फाइलमधून मूळ नावे परत मिळवता येत नाहीत.

काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी. जुना एखादा मेल अटॅचमेंटसह उघडतो आणि संपर्कांतली नावे नीट दिसतात, याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नये.