औशाचा अंबर आणि बाणाचा नेम

औशाचा किल्ला दाखवायला मुलांना नेले, की मलिक अंबरचे नाव निघतेच. किल्ला ताब्यात आल्यावर त्याने या ठिकाणाला अंबरापूर हे नाव दिले असे सांगतात. ते मागे पडले, औसा टिकले. 1636 मध्ये शाहजहानच्या फौजांनी औसा आणि उदगीर घेतले. पण तोवर अंबरला जाऊन दहा वर्षे झाली होती.

जहांगीरच्या हाती अंबर कधीच लागला नाही. ती कसर दरबारी चित्रकार अबुल हसनने 1616 च्या सुमारास चित्रात भरून काढली. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. भाल्यावर खोचलेले अंबरचे मस्तक, आणि समोर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्यावर बाण सोडणारा बादशहा. मस्तक इतके जवळ आहे, की नेम चुकायची सोयच नाही! खरा अंबर असा समोर उभा राहणारा नव्हता.

लक्ष्य लांब असले म्हणजे काय होते? ताशी 180 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 50 मीटर वेगाने सुटलेला बाण घेऊ. हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ. 30 मीटर जायला त्याला 0.6 सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तो पावणेदोन मीटर खाली येतो. 40 मीटरवर हीच घट तीन मीटरच्या वर जाते. तेव्हा बाण लक्ष्याच्या वर रोखावा लागतो. किती वर, हाच सगळा प्रश्न. शतकानुशतके तिरंदाजांनी तो सवयीने सोडवला.

सवयीमागची भूमिती इंग्लंडच्या होरेस फोर्डने 1856 च्या आपल्या पुस्तकात नीट मांडली. त्याच्या काळी बाण कानाकडे ओढण्याची रीत होती. फोर्ड म्हणाला, बाण बरोबर डोळ्याच्या खाली आला पाहिजे. कानाजवळचा बाण डोळ्याला तिरपा दिसतो, मग नेम धरायचा कशाने? 1857 मध्ये त्याने 288 बाणांच्या फेरीत 1251 गुण मिळवले आणि तो विक्रम सुमारे नव्वद वर्षे टिकला. त्याच्या धनुष्यावर साईट नव्हती.

साईट म्हणजे धनुष्याच्या दांड्यावर बसवलेली, वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारी पिन. बंदुकीच्या नळीवर जशी माशी, तशी. पण रेषा ठरायला दोन बिंदू लागतात. पिन पुढचा बिंदू. मागचा बिंदू तिरंदाजाचा डोळा. म्हणून साईट लावण्याआधी दोरी दरवेळी चेहऱ्यावर एकाच जागी टेकते की नाही, हे पाहावे लागते. तेच डळमळीत असेल तर कितीही महाग साईट घेऊन उपयोग नाही, असे आमचे मत आहे.

पिन लावताना नवशिक्याची हमखास गफलत होते. बाण खाली लागला, तर पिन वर घ्यायची की खाली? खाली! पिन खाली घेतली, की तिला लक्ष्यावर आणण्यासाठी धनुष्य वर उचलावे लागते. बाण डावीकडे गेला तर पिनही डावीकडे. किती सरकवायची, हे सरूप त्रिकोणांवरून निघते. डोळा ते पिन 80 सेंटिमीटर आणि लक्ष्य 30 मीटर असेल, तर पिन एक मिलिमीटर हलवली की बाण पावणेचार सेंटिमीटर हलतो. हे वर्गात एक टाचणी, एक हातपट्टी आणि समोरची भिंत घेऊन करून पाहा. डोळा थोडा हलवला की टाचणी भिंतीवर किती सरकते, हे मुलांना लगेच दिसेल.

शिकाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते: अंतर. साईटवर पिना एकाखाली एक असतात. वरची जवळच्या अंतरासाठी, खालच्या लांबच्या. 30 मीटरची पिन लावून प्रत्यक्षात 35 मीटरवर उभ्या जनावरावर आपला वरचा बाण सोडला, तर तो सुमारे 34 सेंटिमीटर खाली लागतो. छातीऐवजी पायाला! जहांगीरने आपल्या आठवणींत, बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत 28,532 जनावरांची शिकार झाल्याचे आणि त्यांपैकी 17,167 आपण स्वतः मारल्याचे लिहून ठेवले आहे. ही मेलेल्यांची मोजदाद. जखमी होऊन निसटलेली त्यात येणार कशी? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे ही उदाहरणे कागदावरच सोडवायची.

1969 मध्ये अमेरिकेच्या हॉलेस विल्बर ॲलन याला कप्प्यांच्या कंपाऊंड धनुष्याचे पेटंट मिळाले. याचा बाण फार वेगवान. सेकंदाला 90 मीटर धरले, तर अंतराची तीच पाच मीटरची चूक जेमतेम साडेदहा सेंटिमीटरवर येते.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरच्या ओजस देवतळेने याच धनुष्याने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. अंतर 50 मीटर, दहा गुणांचे वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचे. वरच्याच हिशेबाने मध्यापासून पिनीला मुभा उरते ती 0.64 मिलिमीटरची. कंपाऊंडच्या साईटमध्ये भिंग आणि पाणसळ असते, दोरीत बारीक छिद्राची चकती असते, म्हणजे मागचा बिंदूही पक्का. ऑलिंपिकच्या 70 मीटरच्या रिकर्व्ह प्रकारात मात्र भिंग आणि चकती या दोन्हींना मनाई आहे. तिथे पुढची पिन मिळते, मागची माशी म्हणजे आपले नाक आणि हनुवटी.