सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय चालतं?

दरवर्षी ९ सप्टेंबरला बातमीसाठी हुतात्मा स्मारकावर जातो. १९४२ साली याच दिवशी झेंडा घेऊन निघालेल्या पंधरा वर्षांच्या शिरीषकुमारला आणि त्याच्या चार सोबत्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. पोरांच्या हातात शस्त्र नव्हतं. हिंसा सत्तेकडून झाली. हे नंदुरबारात कुणाला सांगावं लागत नाही.

पण त्याच वयाचं पोर स्वतः शस्त्र उचलतं तेव्हा काय? हा प्रश्न एका जपानी लेखकामुळे पडला.

१२ ऑक्टोबर १९६०. टोकियोत भर सभेत सतरा वर्षांच्या ओतोया यामागुचीने समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांना तलवारीने भोसकून मारलं. तीन आठवड्यांत त्याने कोठडीत आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी केन्झाबुरो ओए यांनी ‘सेव्हन्टीन’ लिहिली. नायक एकटा, स्वतःचीच लाज वाटणारा मुलगा. संघटनेचा गणवेश चढवला की त्याला पहिल्यांदा वाटतं, आपण कुणीतरी आहोत. विचार नंतर येतो, आधी येतो तो हा आधार. कट्टरपंथीयांनी लेखकाला धमक्या दिल्या. कथेचा दुसरा भाग जपानमध्ये कित्येक दशकं पुस्तकात आला नाही. याच ओएंना १९९४ मध्ये नोबेल मिळालं.

आता आपल्याकडे या. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे अठराच्या आसपासच्या अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने बंदी घातली तीही १९१० मध्येच, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता.

कान्हेरे आणि यामागुची यांना एका तराजूत घालू नका. एक परक्या राज्याविरुद्ध उभा होता, दुसऱ्याने स्वतःच्याच देशातल्या विरोधकाला संपवलं. पण आपण कान्हेरेंचा पुतळा केला, तारीख पाठ केली आणि थांबलो. त्या वयाच्या मुलाला रात्री झोप लागली असेल का, हे विचारलं नाही. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त तेवढं आहे. त्यात सैन्यात जायची ओढ आहे, सुधारकांचा राग आहे, सगळं त्यांच्याच शब्दांत. ते आपल्यातले किती जण वाचतात?

वीसेक वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या करतोय. कुठे तणाव झाला की पकडलेल्यांत मिसरूड न फुटलेली पोरं असतातच. आम्ही कलम छापतो, आकडा छापतो. मोबाइलवर त्याला ‘तू आमचा वाघ’ कुणी म्हटलं आणि घरी त्याच्याशी शेवटचं कोण बोललं, हे छापत नाही. मीही छापलेलं नाही.

म्हणून यंदा स्मारकावर फुलं वाहून झाली की घरातल्या पोराशेजारी थोडं बसा. भाषण नको. तो काय बघतो, कुणाशी बोलतो, एवढं विचारा. आणि मग ऐकून घ्या.