स्पॅनिश अध्ययन (चंद्रपूर–गडचिरोली संदर्भात)

स्पॅनिश भाषा, साहित्य आणि स्पेन व लॅटिन अमेरिकेतील समाजजीवन यांचा विद्यापीठीय अभ्यास. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. स्पॅनिश अध्ययनाची जुनी केंद्रे मात्र दूर आहेत. बल्लारशाहच्या लोहमार्गाने उत्तरेला दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तर दक्षिणेला हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ गाठता येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम चालतात.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. त, द यांचे दंत्य उच्चार तोंडात बसलेलेच असतात. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, तसेच स्पॅनिशमध्येही. इंग्रजीच्या वाटेने शिकवल्यास नेमका हाच आधार निसटतो.

संस्कृतीच्या अभ्यासात या जंगलपट्ट्यातील विद्यार्थ्याची बाजू खरोखर भक्कम आहे. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी, सिरोंचाच्या बाजारात तेलुगू असे बहुभाषिक जगणे त्याच्या ओळखीचे असते. पेरूतील केचुआ व पॅराग्वेतील ग्वारानी या आदिवासी भाषाही स्पॅनिशच्या दडपणाखाली टिकून राहिल्या. ग्वारानीला 1992 च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. गोंडीचा समावेश भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अद्याप झालेला नाही.