नळीचा व्यास आणि राज्यकर्त्यांचा संशय

जुनी लष्करी बंदूक नव्या काडतुसाला जुळवून घेणे हा वरवर पाहता काटकसरीचा मामला. दस्ता शाबूत आहे, नळी धड आहे, मग ती मोडीत कशाला काढायची? १८६६ साली ब्रिटनने हाच विचार केला. १८५३ च्या नमुन्याची .५७७ व्यासाची एनफिल्ड ठासणीची होती. जेकब स्नायडर या अमेरिकी माणसाच्या युक्तीनुसार तिच्या नळीचा मागचा अडीचएक इंचांचा तुकडा कापला, तिथे उजवीकडे बिजागरीवर उघडणारा ठोकळा बसवला आणि एडवर्ड बॉक्सर यांनी घडवलेले धातूच्या बुडाचे काडतूस मागून सरकवायची सोय केली. मिनिटाला तीनेक बार काढणारी बंदूक दहाएक बार काढू लागली. रूपांतर म्हटले की हेच उदाहरण पुढे येते. हिंदुस्थानात मात्र हा हिशेब पुरा पडत नाही. इथे काडतूस ठरवताना मारा कुठवर जाईल यापेक्षा बंदूक कुणाच्या हातात जाईल, हा प्रश्न आधी विचारला गेला.

१८५७ मध्ये काडतुसांवरून काय पेटले ते शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर बंदुकीचे काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. हिंदी शिपायांसाठी १८५८ चा नवा नमुना निघाला. एनफिल्डच्या नळीतले आटे काढून ती गुळगुळीत केली, व्यास .६५६ इंचांपर्यंत वाढवला आणि दूरचा नेम धरण्यासाठी उभी करायची शिडी काढून तिथे साधी खाच ठेवली. कोरून नळीची भिंत इतकी पातळ झाली की तिचे नुकसान होऊ लागले. म्हणून १८५९ मध्ये जाड नळीचा आणखी एक नमुना काढावा लागला. काटकसरच करायची असती, तर चांगल्या नळीवर पैसे खर्चून ती निकामी करण्याचे कारण नव्हते. तोफखानाही याच काळात बव्हंशी गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला, हे जोडून पाहिले की हेतूबद्दल शंका उरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो: नवे हत्यार कुठल्याही फौजेत टप्प्याटप्प्यानेच पोहोचते, मग यात संशय कुठून आला? एखाद्या वेळचा उशीर असता तर हे पटले असते. पण हा उशीर नेमाने हत्यारांच्या एका पिढीचाच राहिला. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या रणात ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती नवी मार्टिनी-हेन्री रायफल होती, तर शेजारी लढणाऱ्या मुंबई फौजेच्या ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स या हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर बंदूक. एकाच ब्रिगेडमध्ये दोन जातींची काडतुसे, म्हणजे ऐन लढाईत एकाची गोळी दुसऱ्याला निरुपयोगी. गोऱ्यांना त्याहून नवी ली-मेटफर्ड मिळू लागली तेव्हा कुठे मार्टिनी हिंदी शिपायांकडे सरकली. याउलट १९१४ मध्ये जर्मनांशी गाठ पडली, तेव्हा फ्रान्सला निघालेल्या हिंदी फौजेला मार्सेलिसमध्ये उतरताच नव्या रायफली आणि नवी काडतुसे देण्यात आली. नड साम्राज्याची होती, तेव्हा हे अंतर मिटवायला वेळ लागला नाही.

फौजेबाहेर हीच नीती आणखी बारकाईने राबवली गेली. ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात .३०३ च्या ली-एनफिल्डची .४१० व्यासाची, गुळगुळीत नळीची मस्केट झाली. ती पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी होती. गोळ्यांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसवून ती एकबारी केली. काडतूस मूळ .३०३ च्या कवचाचेच, पण त्याची निमुळती मान काढून सरळ केलेले. त्यामुळे ते लष्करी रायफलीत शिरतच नसे. शिकाऱ्यांनाही लष्करी .३०३ मिळू नये म्हणून त्यांच्यासाठी .३१५ ची रायफल आली. बांधणी तीच ली-एनफिल्डची, काडतूस तेवढे वेगळे.

आता दुसरा आक्षेप: लष्करी दारूगोळा नागरिकांपासून दूर ठेवणे हे कुठल्याही सरकारचे कर्तव्यच नाही का? आहे, आणि स्वतंत्र भारतानेही .३०३ ला नागरिकांसाठी निषिद्धच ठरवले. फरक आहे तो रेष कुठे ओढली याचा. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने ली-एनफिल्डचीच बांधणी ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने घडवली. जास्त दाब सोसावा म्हणून पोलाद कणखर घेतले, पेटी बारा गोळ्यांची केली. त्या २ए आणि २ए१ रायफलींमध्ये काहीही मुद्दाम कमी केलेले नव्हते. इथे रेष सैनिक आणि नागरिक यांच्यामध्ये आहे, आणि तिची कारणे कायद्यात वाचता येतात, त्यांच्यावर वाद घालता येतो. १८५८ ची रेष एकाच फौजेतल्या दोन शिपायांमध्ये होती, आणि ती कातडीच्या रंगावरून ओढली होती. म्हणून रूपांतरित बंदूक पाहताना तिची ताकद वाढवली की घटवली, एवढ्यावर थांबून भागत नाही. कुणासाठी घटवली आणि त्याच वेळी कुणासाठी वाढवली, हे ताडून पाहिले तरच तिचा इतिहास कळतो.