हॉलची वंशावळ

फ्लॅटमधल्या हॉलचे नूतनीकरण करायला निघालेल्या माणसाची समजूत अशी असते की आपण दिवाणखाना सजवतो आहोत. जाहिरातींचा सूरही तोच असतो: भिंतीवर महिरप, छताला झुंबर, कोपऱ्यात पितळी समई. घरांच्या इतिहासाबद्दल लिहिणारेही वाड्यातला दिवाणखाना, बंगल्यातली ड्रॉइंगरूम आणि फ्लॅटमधला हॉल अशी सरळ रेघ ओढून मोकळे होतात. मला ही रेघ पटत नाही. मराठी मध्यमवर्गाच्या हॉलचा खरा पूर्वज म्हणजे मुंबईच्या चाळीतली एकुलती एक खोली. दिवाणखान्याकडून हॉलने डौल तेवढा उसना घेतला. त्याची कामे, त्याच्या अडचणी आणि त्या अडचणींवर काढलेल्या युक्त्या सगळ्या चाळीच्या आहेत. हे ध्यानात घेतले तर बसायच्या खोलीत गेल्या शंभर वर्षांत झालेल्या फेरफारांची संगती लागते.

दिवाणखाना वाड्यात बहुधा वरच्या मजल्यावर असे. पुण्याच्या नाना वाड्यातले सुरूच्या घाटाचे कोरीव लाकडी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या महिरपी पाहिल्या की त्या खोलीचा थाट आजही कळतो. थाट होता तो लाकूडकामात. सामान मात्र फार थोडे. खाली जाजम, त्यावर पांढऱ्या चादरीची गादी, लोड आणि तक्के, वर हंड्या-झुंबरे. सकाळी कारकून आणि हिशेबाच्या वह्या, संध्याकाळी भेटायला आलेली मंडळी, एखाद्या रात्री गाणे. बैठक उचलली किंवा वळवली की खोली बदलत असे, त्यासाठी सुतार बोलवावा लागत नसे. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या खोलीत जे होत नसे त्याची यादी फार मोठी होती. घरातल्यांची रोजची जेवणे, झोप, आजारपण, बाळंतपण, धान्य निवडणे, पोरांचा अभ्यास यांतले काहीही तिथे नव्हते. ते सारे माजघरात, स्वयंपाकघरात, मागच्या चौकात चाले आणि बायकांचा वावरही तिकडेच असे. आलेल्या माणसाने देवडीत थांबायचे, ओसरीवर टेकायचे की वर दिवाणखान्यात यायचे हे त्याचा हुद्दा आणि जात पाहून ठरलेले असे. थोडक्यात, बाकीचा प्रचंड वाडा पाठीशी होता म्हणूनच ही एक खोली मोकळी ठेवणे परवडत होते. पाहुणे रात्री तिथे झोपत, हे खरे. पण यजमानाच्या कुटुंबाला तिथे पथारी पसरायची वेळ येत नसे.

आता चाळीकडे पाहू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे त्या प्रसिद्ध बीडीडी चाळी उभारल्या. एकूण २०७ इमारती आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. (वरळीच्या काही चाळींचा १९३० च्या सविनय कायदेभंगात तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. त्या बांधकामाच्या मायेबद्दल आणखी काही सांगायला नको.) गिरण्यांच्या आसपासच्या खासगी चाळींतही मापे फार वेगळी नव्हती. अशा खोलीत मोरी, चूल, देव, ट्रंका आणि माणसे एकत्र राहत. जमीन ही तिथली सर्वांत मौल्यवान वस्तू, कारण रात्री तिच्यावर वळकट्या उलगडायच्या असत. जमिनीवर कायमचे काही मांडणे म्हणजे एका माणसाची झोप काढून घेणे. म्हणून चाळीतली सजावट भिंतीवर चढली. तिथे तिला माल पुरवायला छापखाने सज्ज होते: पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून, आणि रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये आधी गिरगावात आणि पुढे मळवलीला. लक्ष्मी, सरस्वती, शिवाजी महाराज, टिळक यांच्या तसबिरी थोड्या पैशांत मिळू लागल्या. त्यांच्या शेजारी आरसा, कॅलेंडर, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो. एका भिंतीवर मांडणी आणि तिच्यावर चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्या-पितळेची भांडी ओळीने लावलेली. या भांड्यांतली कित्येक रोजच्या वापरात नसत. आल्यागेल्याला घराची ऐपत दिसावी, एवढ्यासाठी ती तिथे असत. पुढे फ्लॅटमधल्या शोकेसने नेमके हेच काम केले. फरक इतकाच की काचेआड पितळेच्या जागी चिनी मातीचे कपबश्यांचे संच आणि बक्षिसाचे चषक आले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चाळीत बसायची जागा खोली नव्हतीच, ती गॅलरी होती. आक्षेप बरोबर आहे. संध्याकाळच्या गप्पा, भांडणे, पोरांचे खेळ, भाजी निवडणे हे सगळे त्या सामाईक गॅलरीत होई आणि कोकणातल्या घराच्या ओटीचे बरेचसे काम तिने उचलले होते. पण यामुळे माझे म्हणणे पडत नाही, उलट पक्के होते. माणूस चाळीतून फ्लॅटमध्ये गेला तेव्हा गॅलरी मागे राहिली आणि खोली व गॅलरी या दोघींची कामे एकट्या हॉलवर आली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दादरची हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क या वस्त्यांत १९३० च्या दशकापर्यंत स्वतंत्र फ्लॅट उभे राहिले होते, त्यांत बसायची वेगळी खोली होती आणि तिथे सोफासेट, टीपॉय, पडदे आले ते बंगल्यांचे पाहून. १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने आदर्श घराचे प्रदर्शनच भरवले होते. मग हॉलचा उगम तिथे का मानू नये? कारण वस्तूंचा घाट कुठून आला आणि वस्तू कशासाठी वापरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सोफा साहेबाकडून आला असेल. पण रात्री उलगडून त्यावर दोघांनी झोपायचे, ही गरज साहेबाची नव्हती. सोफा-कम-बेड, खाली रजया-गोधड्या ठेवायची पेटी असलेला दिवाण, एकात एक जाणारी स्टुले, भिंतीला मिटणारे टेबल, दारावरचा माळा: साठ ते नव्वदच्या दशकांतल्या हॉलमधले हे सगळे सामान दिवसा बैठक आणि रात्री शेज हा चाळीचाच हिशेब पाळते.

हा हिशेब इतकी वर्षे टिकला यामागे कायद्याचाही हात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठली. भाडेकरू जागा सोडीना आणि मालक इमारतीवर खर्च करीना. कुटुंब वाढले तरी घर तेवढेच, म्हणून वाढ आतल्या आत झाली: पोटमाळा, फळ्यांचे पार्टिशन, खोली आणि मोरी यांच्यामध्ये पडदा. पुण्यातही दिवाणखान्याची परंपरा अखंड चालू राहिली असे मानायचे कारण नाही. मोठे वाडे तोवर बिऱ्हाडांत वाटले गेले होते आणि कित्येक दिवाणखान्यांच्या मधून भाडेकरूंच्या फळकुटांच्या भिंती उभ्या होत्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे जुने वाडे कोसळले आणि गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहतींत लोकांना पुन्हा छोट्या खोल्यांतच संसार मांडावे लागले. १९६३ मध्ये ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला, डोंबिवली-गोरेगावपासून कोथरूडपर्यंत मालकीची घरे होऊ लागली. त्यांत राहायला गेली ती चाळींतली आणि बिऱ्हाडांतली माणसे. ती आपल्या सवयी बरोबर घेऊन गेली.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि हॉलची मांडणी एका भिंतीकडे वळली. त्याआधी खुर्च्या समोरासमोर किंवा भिंतीलगत असत; आता सगळ्यांची तोंडे एका दिशेला झाली. ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या हॉलमध्ये शेजारची पोरे जमिनीवर दाटीवाटीने बसू लागली आणि चाळीची गॅलरी काही वर्षे तरी फ्लॅटमध्ये शिरली. १९८७ पासून ‘रामायण’ लागले तेव्हा रविवारच्या सकाळी याचा कळस झाला. सुतारांनी शोकेसच्या मधोमध टीव्हीसाठी चौकोन सोडायला सुरुवात केली, आणि भांड्यांच्या मांडणीचा तो थेट वारसा सनमायका लावून भिंतभर पसरला. पुढे सपाट पडदा आल्यावर त्या चौकोनाची गरज उरली नाही. शोकेस तोडणे हे आज हॉलच्या नूतनीकरणातले पहिले काम असते.

दुसरे काम असते स्वयंपाकघराची भिंत पाडण्याचे. ओपन किचन हे परदेशी खूळ आहे अशी टीका होते, फोडणीचा धूर हॉलभर होईल असे बजावले जाते. टीका करणारे एक विसरतात, की मुंबईतल्या बहुसंख्य कुटुंबांनी विसाव्या शतकाचा पूर्वार्ध चूल आणि बैठक यांच्यामध्ये भिंत नसलेल्या खोलीतच काढला. अर्थात तेव्हा ती सक्ती होती आणि आता निवड आहे, हा फरक लहान नाही. ज्या बाईने आयुष्यभर पाहुण्यांसमोर शिजवले तिला स्वयंपाकघराला दार हवे असते. तिच्या नातीला ते नको असते. दोघींचेही बरोबर आहे. वाड्याचा दिवाणखाना मात्र या वादात कुठेच येत नाही, कारण तिथे हा प्रश्नच कधी उद्भवला नव्हता.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, म्हणजे चाळीची ती खोलीही आता मागे पडू लागली आहे. वाड्यांचे नकाशे निघाले, त्यांच्या खांबांची रेखाटने झाली, त्यावर पुस्तके लिहिली गेली. चाळीची खोली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतला हॉल यांची अशी नोंद फारशी झालेली नाही, आणि दर दिवाळीच्या आधी त्यातला थोडा भाग डेब्रिजच्या गोण्यांत भरून जातो. म्हणून मिस्त्री येण्याआधी एवढे करावे: खोलीची मापे लिहून ठेवावीत, चारही भिंतींचे फोटो काढावेत, आणि कोण कुठे झोपत होते तेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे.